बालपणीचा अत्याचार आणि प्रौढ स्त्रीचे मन

जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या काही स्त्रियांची दुखणी डॉक्टरांच्या चांगलीच परिचयाची असतात. डोके सतत ठणकते, कंबर धरते, ओटीपोटात कळा येतात, छातीत धडधडते, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, अन्नावर वासना नाही. रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते. दोष असा काही सापडत नाही. शक्तीच्या गोळ्या दिल्या जातात आणि महिन्याभराने तीच स्त्री तीच तक्रार घेऊन त्याच रांगेत बसलेली दिसते. अशा दुखण्यांमागे अनेक कारणे असतात. रक्तक्षय, अतिश्रम, घरातील मारहाण, नवऱ्याचे व्यसन ही त्यांतील नित्याची. परंतु एक कारण असे आहे, की जे रुग्ण आपण होऊन सांगत नाही आणि डॉक्टरही सहसा विचारीत नाहीत. ते कारण म्हणजे बालपणी झालेला लैंगिक अत्याचार.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घडून गेलेल्या आणि कोणालाही न सांगितलेल्या घटनेचा आजच्या दुखण्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच कोणालाही पडेल. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत मानसशास्त्राने आणि वैद्यकाने या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले आहे. ते असे, की अशा मुलीला इजा दोनदा होते. पहिली प्रत्यक्ष कृत्याने होते. दुसरी त्यानंतरच्या मौनाने, अविश्वासाने आणि 'कोणाला सांगू नकोस' या बजावणीने होते. आणि प्रौढपणी आढळणाऱ्या मानसिक त्रासाचा फार मोठा भाग या दुसऱ्या इजेशी निगडित असतो. पहिली इजा टाळणे प्रत्येक वेळी घरच्यांच्या हाती नसेल. दुसरी मात्र पूर्णपणे त्यांच्याच हाती असते.

प्रश्नाची व्याप्ती

या विषयाची मोठी शासकीय पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या या पाहणीत महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचा समावेश होता. एकूण १२,४४७ बालकांशी बोलण्यात आले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाला तोंड द्यावे लागल्याचे सांगितले. या आकड्यात अश्लील चित्रे दाखविण्यापासून गंभीर अत्याचारापर्यंत सर्व प्रकार समाविष्ट आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. गंभीर स्वरूपाचा अत्याचार सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. मुलगेही मुलींच्या जवळजवळ बरोबरीने या आकड्यांत आहेत. त्यांची व्यथा हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलांच्या ओळखीच्या आणि विश्वासातल्या होत्या. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणाच्याही कानावर घातलेली नव्हती.

हे सर्व झोपडपट्टीत किंवा अडाणी कुटुंबांत घडते, सुशिक्षितांच्या घरी घडत नाही, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे आहे. दिल्लीत १९९६ साली स्थापन झालेल्या 'राही' या संस्थेने मध्यम आणि उच्च मध्यमवर्गातील, इंग्रजी शिकलेल्या स्त्रियांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले आणि १९९८ साली त्याचा अहवाल काढला, तेव्हा या समजुतीला पहिला जोराचा धक्का बसला. २००० साली पत्रकार पिंकी विराणी यांचे 'बिटर चॉकलेट' हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर वर्तमानपत्रांतून हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला. बंगला असो वा चाळ, वाडा असो वा पाड्यावरची झोपडी, मुलीच्या दृष्टीने धोका बहुधा अनोळखी माणसाकडून नसतो. काका, मामा, आतेभाऊ, शेजारी, शिकवणीचे मास्तर, घरी येणे-जाणे असलेला वडिलांचा स्नेही, क्वचित प्रत्यक्ष वडील किंवा भाऊ, अशीच नावे पुढे स्त्रियांच्या तोंडून येतात.

शास्त्राचेही मौन

समाजाला मौनाचा दोष देताना शास्त्राचा इतिहासही पाहिला पाहिजे. तो फारसा अभिमानास्पद नाही. १८९६ साली व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉईड यांनी डॉक्टरांच्या सभेत एक निबंध वाचला. हिस्टेरियाच्या १८ रुग्णांच्या अभ्यासावरून त्यांनी असे प्रतिपादन केले, की या विकाराच्या मुळाशी बालपणीचे लैंगिक अत्याचार आहेत. सभेने निबंधाचे थंडे स्वागत केले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात फ्रॉईड यांनी हा सिद्धांत मागे घेतला. असे अत्याचार घडतच नाहीत, असे ते कधी म्हणाले नाहीत. परंतु रुग्णांच्या हकिकतींत मनातील सुप्त इच्छांचा आणि कल्पनेचा वाटा मोठा असतो, हा विचार त्यांच्या संप्रदायात रूढ झाला. १९३२ साली त्यांचेच सहकारी सँडोर फेरेन्झी यांनी मुले सांगतात ते खरे असते, असे पुन्हा निक्षून मांडले, तेव्हा सहकाऱ्यांना ते रुचले नाही. यानंतरच्या तीन-चार दशकांत कित्येक स्त्रियांनी धीर करून डॉक्टरांपुढे तोंड उघडले असेल आणि 'हा तुमच्या मनाचा खेळ आहे' हे उत्तर ऐकून त्या परतल्या असतील. अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या एका प्रमाणभूत पाठ्यग्रंथात १९७५ सालीही कुटुंबांतर्गत लैंगिक संबंधांचे प्रमाण दहा लाखांत एक असे दिलेले होते!

या परिस्थितीत बदल घडला तो स्त्रियांनीच स्त्रियांना विचारायला सुरुवात केली तेव्हा. समाजशास्त्रज्ञ डायना रसेल यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात ९३० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. वयाच्या १८ वर्षांपूर्वी लैंगिक अत्याचार झाल्याचे ३८ टक्के स्त्रियांनी सांगितले आणि त्यांपैकी अगदी थोड्या घटना पोलिसांपर्यंत पोहोचल्या होत्या. बोस्टनच्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचे वडिलांकडून झालेल्या अत्याचारांविषयीचे पुस्तक १९८१ साली निघाले. याच सुमारास, म्हणजे १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव-विकार हे निदान अधिकृतपणे मान्य केले होते. त्यामागे मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव होता. दचकून उठणे, तीच ती स्वप्ने पडणे, आठवण देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून दूर पळणे, भावना गोठून जाणे ही सैनिकांची लक्षणे आणि बालपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची लक्षणे एकच आहेत, हे हर्मन आणि इतरांनी दाखवून दिले. फरक इतकाच, की सैनिकाची लढाई संपलेली होती आणि सर्वांना ठाऊक होती. या स्त्रियांची लढाई घरातच झाली होती आणि तिची कोठेही नोंद नव्हती.

मुलीच्या मनात काय घडते

अत्याचाराचा परिणाम इतका दीर्घकाळ का टिकतो, याची उकल डेव्हिड फिंकेलहोर आणि अँजेला ब्राउन या अभ्यासकांनी १९८५ साली केली, ती आजही उपयुक्त मानली जाते. त्यांच्या मते अशा अनुभवातून चार प्रक्रिया एकाच वेळी सुरू होतात. वयाला न साजेशी अशी लैंगिकतेची विकृत ओळख होते, विश्वासघात होतो, आपल्या देहावर आपलाच अधिकार नाही, अशी असहायता अंगी मुरते, आणि आपण कलंकित आहोत, ही भावना मनात घर करते. यांपैकी पहिली आणि तिसरी सहज समजण्याजोगी आहेत. विश्वासघात आणि कलंक या दोहोंचा मात्र थोडा अधिक विचार करावयास हवा.

लहान मूल मोठ्यांवर सर्वस्वी अवलंबून असते. ज्याच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या, ज्याने जत्रेतून बांगड्या आणल्या, तोच माणूस इजा करतो, ही गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलीला समजून घेणे शक्य नसते. मोठी माणसे वाईट आहेत असे मानले, तर तिला जगण्याला आधारच उरत नाही. त्यापेक्षा 'मीच वाईट आहे, म्हणून असे झाले' हे मानणे तिला सोपे जाते. बालमनाने स्वतःच्या बचावासाठी शोधलेली ही युक्ती असते. परंतु वय वाढले तरी ती सुटत नाही. शिकलेली, नोकरी करणारी, चार माणसांत मान असलेली स्त्रीदेखील मनाच्या एका कोपऱ्यात स्वतःला अपराधी मानीत राहते. अत्याचार करणारा पुष्कळदा याच भावनेला खतपाणी घालतो. 'हे आपले गुपित', 'तू सांगितलेस तर आई मरेल', 'तुलाही आवडले होते', अशी वाक्ये मुली वर्षानुवर्षे विसरत नाहीत. शरीराची प्रतिक्रिया इच्छेवर अवलंबून नसते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

कलंकाच्या बाबतीत आपली भाषाही निर्दोष नाही. अत्याचार झाला की 'अब्रू गेली' असे आपण म्हणतो. ज्याने कृत्य केले त्याची अब्रू जावयास हवी. परंतु व्यवहारात ती जाते मुलीची. देहाच्या अवयवांना घरात नावे नसतात आणि असतात ती शिव्यांतून ऐकलेली असतात. त्यामुळे मुलीने सांगायचे म्हटले तरी 'काका मला त्रास देतात' यापलीकडे तिच्याजवळ शब्द नसतात. 'त्रास' म्हणजे चिडविणे, असे समजून आई पोळ्या लाटता लाटता ते वाक्य ऐकून सोडून देते.

ज्या मुलीला शारीरिकदृष्ट्या पळून जाता येत नाही, ती मनाने पळते. छताकडे पाहत राहणे, भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा मोजणे, आपण वरून खाली पाहत आहोत असे वाटणे, अशी वर्णने निरनिराळ्या देशांतील स्त्रियांनी जवळजवळ सारख्याच शब्दांत केली आहेत. मानसशास्त्रात याला विलगता म्हणतात. ती त्या क्षणी मुलीला वाचविते. पुढे मात्र मनाला तीच सवय लागते. ताण आला की स्त्री सुन्न होते, समोरचा बोललेला शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तासाभरापूर्वी काय केले ते आठवत नाही. घरातील माणसे तिला वेंधळी म्हणतात.

स्मृतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. लिंडा मायर विल्यम्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १२९ स्त्रिया निवडल्या होत्या, की ज्यांच्यावरील बालपणीच्या अत्याचाराची रुग्णालयात रीतसर नोंद झालेली होती. सुमारे १७ वर्षांनंतर त्यांच्या मुलाखती घेतल्या असता ३८ टक्के स्त्रियांनी त्या घटनेचा उल्लेखच केला नाही. काहींना ती आठवत नव्हती, काहींना बहुधा सांगावयाची नव्हती. तथापि याची दुसरी बाजूही आहे. संमोहनासारख्या उपायांनी 'दडलेल्या' आठवणी उकरून काढण्याचा जो प्रकार १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेत बोकाळला, त्यातून न घडलेल्या घटनांच्या आठवणीही निर्माण होऊ शकतात, असे प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणून जाणता उपचारक आठवण खोदून काढीत नाही. स्त्री जे आणि जेवढे सांगेल, तेवढे ऐकून घेतो.

माहेरची वाट

मराठी स्त्रीच्या भावविश्वात माहेराला जे स्थान आहे, ते येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. जात्यावरच्या ओव्यांपासून नागपंचमीच्या झोक्यापर्यंत सारे माहेराच्या ओढीने भरलेले आहे. ज्या स्त्रीवर माहेरच्याच घरात अत्याचार झाला, तिच्या वाट्याला हे सुख येत नाही. आणि ते येत नाही असे म्हणण्याचीही तिला सोय नसते. दिवाळीत भाऊबीजेला जायचे टाळण्यासाठी ती मुलांच्या परीक्षांचे निमित्त सांगते. लग्नकार्यात त्याच माणसाला वाढावे लागते आणि सर्वांदेखत वाकून नमस्कार करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. त्या तीन महिन्यांत त्याच खोलीत, त्याच माणसाच्या वावरात तान्ह्या मुलीला घेऊन राहावयाचे, या कल्पनेनेच एखादी स्त्री गरोदरपणात खचून जाते. सासरची मंडळी तिला माहेरची ओढ नसलेली, कोरड्या मनाची ठरवितात.

विवाहानंतर पतीशी असलेल्या संबंधांतही जुनी भीती डोके वर काढते. चांगल्या, समजूतदार पतीचा स्पर्शदेखील तिला सहन होत नाही आणि त्याचे कारण तिला स्वतःलाही उमगत नाही. काही स्त्रिया संबंध टाळतात. काही मन बधिर करून सोसतात. प्रसूतीच्या वेळची किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडील तपासणी कित्येकींना त्या जुन्या प्रसंगाइतकीच भयंकर वाटते, म्हणून त्या वर्षानुवर्षे तपासणीला जातच नाहीत. तपासणीपूर्वी काय करणार आहोत हे सांगणे, परवानगी विचारणे आणि 'थांबा' म्हटल्यावर थांबणे, एवढ्या साध्या शिष्टाचाराने फरक पडतो. त्यासाठी रुग्णालयाला एक पैसाही जादा खर्च येत नाही.

मुलगी वाढत जाऊन आई ज्या वयात अत्याचाराला बळी पडली त्या वयाची झाली, की वर्षानुवर्षे शांत असलेला त्रास एकाएकी उफाळतो, असा अनुभव समुपदेशक सांगतात. अशी आई मुलीला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही, शाळेच्या सहलीला पाठवीत नाही, घरात पाहुणा राहणार म्हटले की रात्रभर जागी राहते. तिला संशयी म्हणणे सोपे आहे.

बालपणी अत्याचार झालेल्या स्त्रीवर पुढे पुन्हा अत्याचार होण्याचा संभव अधिक असतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. याचा अर्थ तिच्यातच काही खोट आहे, असा लावला जातो; तो चुकीचा आहे. धोक्याच्या क्षणी सुन्न होण्याची सवय, 'नाही' म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे यावरच विश्वास नसणे आणि अशा स्त्रीला हेरून काढणारी माणसे, ही त्याची कारणे आहेत.

शरीर बोलू लागते

वॉशिंग्टन परिसरात १९८७ साली पेनेलोप ट्रिकेट, फ्रँक पुटनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे. कुटुंबातील व्यक्तीकडून अत्याचार झालेल्या, ६ ते १६ वयोगटातील ८४ मुली त्यांनी निवडल्या आणि तुलनेसाठी तशाच परिस्थितीतील इतर मुली घेतल्या. वीस वर्षांहून अधिक काळ या मुलींच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. अत्याचारग्रस्त मुलींमध्ये नैराश्य, आघातोत्तर लक्षणे आणि विलगता अधिक आढळली, हे अपेक्षितच होते. परंतु त्या लवकर वयात येत होत्या, प्रौढपणी त्यांच्यात स्थूलता अधिक होती, आणि ताणाच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी बालपणी जास्त असून प्रौढपणी उलट सर्वसामान्यांपेक्षा खाली गेलेली होती. गजर सतत वाजत राहिला की एक दिवस त्याची यंत्रणाच मंदावते, तसा हा प्रकार.

कॅलिफोर्नियातील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांना १९८५ च्या सुमारास स्थूलतेवरील उपचारकेंद्रात असे आढळले, की उपचाराने वजन उतरू लागलेल्या काही स्त्रिया मध्येच उपचार सोडतात. चौकशी केली असता बालपणीच्या अत्याचाराच्या हकिकती पुढे आल्या. काहींना जाडपणा म्हणजे पुरुषांच्या नजरेपासून संरक्षण वाटत होते. यातूनच पुढे १७ हजारांहून अधिक प्रौढांची मोठी पाहणी झाली व तिचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणीचे दुःखद अनुभव जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसने, आत्महत्येचे प्रयत्न, एवढेच नव्हे तर हृदयविकारासारखे रोगही अधिक, असे त्यात दिसून आले.

आपल्या अगदी शेजारचे एक उदाहरण उद्बोधक आहे. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन स्त्रिया मोठ्या संख्येने दवाखान्यात येतात आणि त्यांना जंतुसंसर्गाची औषधे दिली जातात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी करून २००५ साली असे दाखविले, की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि जीवनातील ताणतणाव यांच्याशी अधिक आहे. ही पाहणी बालपणीच्या अत्याचाराविषयी नव्हती. परंतु मनाचे दुःख सांगावयास शब्द नसले म्हणजे आपल्याकडील स्त्री ते देहाच्या भाषेत सांगते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

झटके येणे हा याच भाषेचा आणखी एक प्रकार. फिट आल्याप्रमाणे शरीर ताठ होते, डोळे फिरतात. मेंदूच्या आलेखात मात्र अपस्माराची चिन्हे नसतात. अशा रुग्णांच्या पूर्वेतिहासात लैंगिक अत्याचाराचे प्रमाण जास्त आढळते. खेड्यात याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेले जाते, चटके दिले जातात, मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी उपायांवर बंदी आहे. आधीच छळलेल्या देहाला उपचाराच्या नावाखाली पुन्हा छळणे, याहून क्रूर ते काय असणार?

कळल्यावर घरच्यांनी काय करावे

एवढे सर्व वाचल्यावर अशा मुलीचे आयुष्य संपलेच, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५ अभ्यासांच्या आढाव्यात असे आढळले, की अत्याचार झालेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत ठळक लक्षणे दिसत नाहीत, आणि ज्यांच्यात दिसतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची प्रकृती वर्ष-दीड वर्षात सुधारते. मूल लवकर सावरण्यामागे आईने दिलेला विश्वास आणि आधार ही एक प्रमुख गोष्ट आढळली. अत्याचार किती गंभीर होता, किती काळ चालला आणि तो करणारा किती जवळचा होता, यांचे महत्त्व आहेच. परंतु मुलीने पहिल्यांदा तोंड उघडले त्या क्षणी ऐकणाऱ्याने काय केले, याचेही वजन तितकेच मोठे आहे.

'खोटे बोलतेस', 'तूच काहीतरी केले असशील', 'आता झाले ते झाले, विसरून जा', 'तुझ्या लग्नाचे काय होईल', ही उत्तरे घराची लाज राखण्यासाठी दिली जातात. मुलगी त्यातून एकच अर्थ घेते, की आपण एकट्या आहोत. हीच चूक पुढे पतीकडूनही होऊ शकते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर स्त्रीने धीर करून सांगितले आणि पतीने 'आधी का नाही सांगितलेस' असे विचारले, तर ती पुन्हा कधी बोलणार नाही. विश्वास ठेवणे, दोष तिचा नाही हे स्पष्ट शब्दांत सांगणे, तपशिलासाठी न खोदणे आणि पुढे काय करायचे ते तिच्या गतीने ठरू देणे, इतके पुरेसे असते.

कायदा आणि जुनी घटना

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, अर्थात पोक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशभर अमलात आला. गोव्याने त्यापूर्वीच, २००३ साली, स्वतःचा बालक कायदा करून वाट दाखविली होती. पोक्सोन्वये १८ वर्षांखालील बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातील आणि शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. सुनावणी बंद खोलीत होते, आरोपी बालकाच्या दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था करावी लागते, आणि बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. घटना माहीत असूनही न कळविणे हा गुन्हा ठरतो. या शेवटच्या तरतुदीमुळे काही कुटुंबे डॉक्टरांकडे वा समुपदेशकांकडे जाण्यासच बिचकतात, ही अडचण खरी आहे. तरीही मुलीला जबाब देताना अपमानित व्हावे लागू नये, हा या कायद्याचा हेतू दुसऱ्या इजेला आळा घालणाराच आहे.

आज प्रौढ असलेल्या स्त्रीला बालपणीच्या घटनेविषयी तक्रार करता येते काय? २०१२ नंतरच्या घटनेबाबत पोक्सोखाली वयाची अथवा मुदतीची आडकाठी नाही, असे केंद्र शासनाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. त्यापूर्वीच्या घटनांना त्या वेळची भारतीय दंडसंहिता लागू होते आणि तेथे वस्तुस्थिती कटू आहे. बलात्काराच्या गुन्ह्यास मुदतीचे बंधन नाही. परंतु त्या काळची बलात्काराची व्याख्या फार अरुंद होती. तिच्यात न बसणारी बहुतेक कृत्ये विनयभंगात मोडत. त्यासाठी २०१३ पूर्वी कमाल दोन वर्षांची शिक्षा होती आणि अशा गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घ्यावी लागे. सात वर्षांच्या मुलीने दहा वर्षांची होण्याच्या आत तोंड उघडावे, अशीच जणू कायद्याची अपेक्षा होती. त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुष्कळ स्त्रियांना न्यायालयाचे दार बंद आहे. उपचारांचे दार मात्र कोणत्याही वयात उघडे आहे.

उपचारांची दिशा

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, जटिल आघातोत्तर तणाव-विकार असे स्वतंत्र निदान समाविष्ट आहे. दीर्घकाळ चाललेल्या, सुटका नसलेल्या आघातानंतर केवळ भीतीच नव्हे, तर स्वतःविषयीची तुच्छता, भावनांवरील ताबा सुटणे आणि नाती टिकविण्यातील अडचण यांनाही या निदानात स्थान आहे. वर्षानुवर्षे 'स्वभावच तसा' म्हणून हिणविल्या गेलेल्या स्त्रियांना आपल्या त्रासाला नाव आहे, हे कळणेदेखील दिलासा देऊन जाते.

उपचाराची सर्वसाधारण रीत ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडली. प्रथम सुरक्षितता: झोप, खाणे, औषधे, आत्महत्येच्या विचारांपासून संरक्षण, आणि अत्याचार करणाऱ्याचा संपर्क अजूनही चालू असेल तर तो तोडणे. त्यानंतर, मन स्थिरावल्यावर, घडलेले शब्दांत मांडणे आणि हरवलेल्या बालपणाचा शोक करणे. शेवटी पुन्हा माणसांत मिसळणे. घाईने पहिल्याच भेटीत सर्व सांगावयास लावणे अपायकारक ठरू शकते. आघातावर केंद्रित अशा विचार-वर्तन उपचारपद्धतीचा गुण येतो, हे अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. नैराश्य तीव्र असेल तर औषधांची जोड द्यावी लागते. अशाच अनुभवातून गेलेल्या स्त्रियांचे गटही फार उपयोगी पडतात, कारण 'हे माझ्या एकटीच्याच बाबतीत घडले' ही समजूत तेथे पहिल्याच बैठकीत गळून पडते. अत्याचार करणाऱ्यास क्षमा करणे ही बरे होण्याची अट नाही. त्याच्या घरच्या लग्नाला जायचे की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मात्र स्त्रीला स्वतःजवळ ठेवता आले पाहिजे.

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतही मनोविकारविषयक सल्ला मिळतो. त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला असून उपचारांविषयीची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेले महिला व मुलांकरिता विशेष कक्ष पुढे राज्यभर पोहोचले, आणि वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्रात स्त्रियांना रुग्णालयातच समुपदेशन मिळू लागले. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांना बळी पडलेल्यांसाठी २ ऑक्टोबर २०१३ पासून राज्य शासनाची 'मनोधैर्य' योजना सुरू आहे. तीतून अर्थसाहाय्य आणि पुनर्वसन यांची व्यवस्था होते. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येते. बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रौढ स्त्रीला घराबाहेर न पडता कोणाशी तरी बोलावेसे वाटले, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते.